जिनिंगच्या केसमध्ये सोशल मीडिया कुठून आला? कन्सल्टिंगच्या मुलाखतीत या चुका टाळा

‘ताई, सोमवारी इंटरव्ह्यू आहे. केस कशी सोडवायची ते आज सांगता का?’ असे मेसेज यवतमाळ, वर्धा, वाशिमकडून येतच असतात, आणि नेमके शुक्रवारी रात्री. केस म्हणजे कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना धंद्याचा सल्ला देण्याच्या नोकरीच्या मुलाखतीत सोडवायला देतात तो एखाद्या धंद्याचा प्रश्न. सोबत टेलिग्रामवरून उतरवलेल्या केसबुकची जाडजूड पीडीएफ जोडलेली असते, ती बहुतेक पाठवणाऱ्यानेही उघडलेली नसते. मी काही वर्षं गुरुग्रामला कन्सल्टिंगमध्ये काढली, आता वर्ध्यात असते आणि रविवारी ओळखीतल्या मुलामुलींचे मॉक, म्हणजे सरावाच्या मुलाखती, घेते. चुका इतक्या त्याच त्या असतात की समोरच्याने वहीत पहिली रेघ ओढली की पुढचं पान मला दिसतं. तर एकदाचं लिहूनच टाकते.

फ्रेमवर्क पाठ करणं

हिंगणघाटजवळच्या एका गावचा मुलगा होता. इंजिनिअरिंग झालेलं, डोकं चांगलं, हिशेब पक्का. त्याला मी मुद्दाम घरची केस दिली. विदर्भातला एक जिनिंग-प्रेसिंग कारखाना (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा), विक्री वाढली आहे, पण दोन वर्षांत नफा निम्म्यावर आला. का?

पोराने विचार करायला एक मिनिट मागून घेतलं, वही आडवी केली (इथवर छान), आणि पाठ केलेले तयार साचे, म्हणजे फ्रेमवर्क, लिहायला लागला. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. त्याखाली पोर्टरचे फाइव्ह फोर्सेस. प्रमोशनपाशी आल्यावर गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘कंपनीचा सोशल मीडिया प्रेझेन्स कमी असावा.’

जिनिंगवाल्याचा सोशल मीडिया! रुईच्या गाठी दलालामार्फत सूतगिरणीला जातात, भाव बाजार ठरवतो. रील बघून आजवर कुणी गाठ घेतलेली नाही.

मी केस तिथेच थांबवली आणि चहा ठेवला. चहा पिता पिता सहज विचारलं, तुमचा कापूस कुठं देता? ‘हिंगणघाटलेच. पण ताई, यंदा जिनिंगवाले लय रडून राह्यले. पाणी लागलेला कापूस आला, रुईचा उतारा नाही. सरकीचा भाव पडला. अन् जिन दिवाळीपासून होळीपर्यंत चालते, मंग बंदच, पण लाइट बिलातला फिक्स चार्ज त बाराही महिने भरा लागते.’

केसचं उत्तर हेच होतं. सगळं, ओळीने, बशीत फुंकर घालता घालता. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते आणि १२ टक्क्यांच्या वरचा माल घेत नाही, हेसुद्धा त्याला तोंडपाठ होतं. मुंबईत वाढलेल्या उमेदवाराला हे कळायला रिपोर्ट चाळावा लागतो. याने ते सगळं बाहेर चपलांसोबत काढून ठेवलं आणि आत येऊन चार पी म्हणून दाखवले.

मग आम्ही आकडे मांडले. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते (हाच उतारा), बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट. गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. उतारा ३४ वरून ३३ वर आला की त्याच गाठीला ५१५ किलो लागतो. क्विंटलला ७,००० रुपये धरले तर वरच्या १५ किलोचे १,०५० रुपये. थोडी सरकी जास्त मिळते, तिचे साडेचारशे वजा करा, तरी गाठीमागे ६०० गेले. कारखाना वर्षाला १०,००० गाठी बांधत असेल तर ६० लाख, तेही उताऱ्याच्या एका टक्क्यात. विक्री वाढूनही नफा कसा बुडतो, ते या चार ओळींत दिसतं. फाइव्ह फोर्सेसमध्ये जन्मात दिसलं नसतं.

फ्रेमवर्क वाईट असतात असं नाही. पोर्टरने १९७९ मध्ये मांडलं ते एखादा उद्योग मुळात पैसे कमावण्याजोगा आहे का, हे तपासायला. बीसीजी या कन्सल्टिंग कंपनीचा १९७० चा मॅट्रिक्स अनेक धंदे असलेल्या कंपनीने पैसा कुठे घालावा, यासाठी. नफा का घटला या प्रश्नाला दोन्ही चिकटवले की समोरच्याला कळतं, याने प्रश्न ऐकलाच नाही. मॅकिन्झी या दुसऱ्या कन्सल्टिंग कंपनीत बार्बरा मिंटो यांनी रुजवलेलं ‘मीसी’ मात्र कायम जवळ ठेवा. कप्पे असे पाडा की एकातलं दुसऱ्यात मिसळणार नाही आणि काही बाहेर सुटणार नाही.

माझी सवय सांगते. रेघा ओढण्याआधी मी धंदा स्वतःला सांगून घेते. माल कुठून येतो, त्याचं काय होतं, काय काय विकलं जातं, पैसा कधी हातात पडतो. एवढं नीट सांगता आलं की कप्पे आपोआप पडतात. आणि सराव करायचाच असेल तर पीडीएफ बंद करून एखाद्या जिनिंगच्या मुनिमाजवळ, आरागिरणीवर किंवा दूध संकलन केंद्रावर अर्धा दिवस बसा. माणसं भरभरून सांगतात, फक्त कामाच्या गर्दीत जाऊ नका. कुणी जात नाही, कारण यात डाउनलोड करण्यासारखं काही नसतं.

अंदाजाचं गणित न तपासता सोडणं

गेसटिमेट म्हटलं की आपली मुलं ‘भारताची लोकसंख्या १४० कोटी’ इथूनच गाडी सोडतात. प्रश्न यवतमाळ जिल्ह्याचा असला तरी. पुसदकडच्या एका मुलीला मी विचारलं, यवतमाळ जिल्ह्यात वर्षाला चहापत्ती किती खपत असेल? ती १४० कोटींवरून महाराष्ट्रावर, तिथून विदर्भावर आणि मग ‘विदर्भात अकरा जिल्हे, म्हणून भागिले अकरा’ अशी उतरली. गडचिरोली आणि नागपूर एकाच मापात!

थेट जिल्ह्यापासून सुरू करा. २०११ च्या जनगणनेत यवतमाळची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती, आज ३० लाख धरायला हरकत नाही. घरटी चार माणसं, म्हणजे साडेसात लाख घरं. ती म्हणाली, ‘घरी महिन्याला अर्धा किलो लागते.’ वर्षाचे सहा किलो, एकूण ४५ लाख किलो. आणि पेन ठेवून दिला.

खरी चूक ती इथे. आकडा आला म्हणजे काम झालं असं नसतं, तो उलटा फिरवून बघायचा असतो. ४५ लाख किलो भागिले ३० लाख माणसं, म्हणजे माणशी दीड किलो. देशाची सरासरी आठशे ग्रॅमच्या आसपास आहे. यवतमाळचा माणूस देशाच्या जवळपास दुप्पट चहा पितो? पाहुण्यारावळ्यांनी भरलेल्या तिच्या घरी पीत असतील, जिल्हाभर नाही. महिन्याला पाव किलो धरला की साडेबावीस लाख किलो येतात, माणशी पाऊण किलो, टपऱ्यांचा चहा वरून धरला की गणित बसतं. तपासणी करायला वीस सेकंद लागतात, आणि मुलाखत घेणारा त्याच वीस सेकंदांची वाट बघत असतो.

नंतर तिने इंग्रजीत उत्तर सांगितलं, ‘ट्वेंटी टू पॉइंट फाइव्ह मिलियन.’ दसपट! साडेबावीस लाख म्हणजे २.२५ मिलियन. दहा लाखांचा एक मिलियन, शंभर कोटींचा एक बिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन. आपण लाख-कोटीत विचार करतो, क्लायंटच्या कागदांवर बऱ्याचदा मिलियन असतात, आणि घाईत शून्य उडतं. मी वहीच्या कोपऱ्यात आधीच हे तीन आकडे लिहून ठेवायची. कॅल्क्युलेटर मिळत नाही, तेव्हा रोज दहा भागाकार हाताने करा. कंटाळवाणं आहे, मान्य. ज्यांना कंटाळा सोसत नाही त्यांनी दुसरी नोकरी बघावी, कारण या नोकरीत एक्सेलची एकच शीट चौदा वेळा तपासावी लागते.

स्वतःबद्दल सांगताना फक्त गरिबी सांगणं

हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहिते. वाशिमकडची एक मुलगी. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्यावर तिने दोन-तीन मिनिटं दुष्काळ, कर्ज, वडिलांचं आजारपण सांगितलं. एकही शब्द खोटा नव्हता. पण त्यात ती कुठेच नव्हती. परिस्थितीने तिचं काय केलं एवढंच होतं, तिने परिस्थितीचं काय केलं ते नव्हतं.

खोदल्यावर निघालं. वडील दवाखान्यात असताना सोयाबीन बाजार समितीत तिनेच नेलं होतं. लिलावात भाव पडलेला. काका म्हणत होते, ‘विकून टाक बाप्पा, पैसे लागतात.’ तिने माल विकला नाही, शेतमाल तारण योजनेत ठेवून त्यावर कर्ज उचललं, दवाखाना भागवला आणि भाव सुधारल्यावर विकला. काकांचा विरोध होता, पैशाची निकड होती, निर्णय तिचा होता, हिशेब तिचा होता. ही मुलाखतीत सांगायची गोष्ट, आणि तिला ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती!

मॅकिन्झीत तर एकाच प्रसंगावर दहा-पंधरा मिनिटं खोदतात. तेव्हा तू काय म्हणालीस, तो काय म्हणाला, मग तू काय केलंस? ‘आम्ही केलं, टीमने केलं’ यावर तिथे भागत नाही. असे तीन-चार प्रसंग तपशिलासकट तयार ठेवा. लिहून पाठ करू नका, घरच्या कुणाला तरी सांगून बघा. आई मध्येच उठून गेली तर गोष्ट लांबली आहे.

बाकीच्या, पटापट

केस ऐकली की लगेच उत्तर देणं. आधी दोन प्रश्न विचारा. नफा घटला म्हणजे किती, आणि फक्त आपलाच की शेजारच्या जिनिंगचाही?

सगळीकडे एकाच पद्धतीने बोलणं. मॅकिन्झीत केस बहुधा मुलाखत घेणारा पुढे नेतो, बीसीजी आणि बेनमध्ये तुम्हालाच ओढावी लागते. ‘पुढे काय बघायचं?’ असं त्यांनी विचारेपर्यंत गप्प बसलात तर तो राउंड संपला समजा.

शेवटी ‘इट डिपेंड्स’ म्हणणं. काय करावं ते एका वाक्यात आधी सांगा, कारणं नंतर.

इंग्रजीची भीती. उच्चार वऱ्हाडी असला तर असू द्या, वाक्य लहान ठेवा. यूट्यूबवरून उचललेला अमेरिकन सूर दुसऱ्या मिनिटाला गळून पडतो आणि फार वाईट ऐकू येतो.

एकट्याने सराव करणं. व्हिडिओ बघून मान डोलावणं म्हणजे सराव नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक जोडीदार शोधा, तो एमपीएससीवाला असला तरी चालेल. तुम्ही अडखळलात की त्याने फक्त ‘का?’ विचारायचं.

मॅकिन्झी, बीसीजी, बेन ही फक्त तीन नावं डोळ्यांसमोर ठेवणं. त्या तिघी मोजक्या कॉलेजांत जातात, तिथून थेट बोलावणं येणं अवघड. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी आहेत, गुरुग्रामची रिसर्च सेंटर्स आहेत, सामाजिक क्षेत्रात सत्त्व आणि डालबर्ग आहेत, जिथे तुमची गावाची माहिती थेट कामाला येते. कॅट ही एमबीएची प्रवेश परीक्षा देऊन मिहानमधल्या आयआयएम नागपूरचं दारही आहे. ‘ताई, कॅट म्हणजे दोन वर्षं जातील.’ जातील. तशीही जात आहेत.

रेफरलसाठी, म्हणजे कंपनीत आपलं नाव सुचवावं म्हणून, तिथल्या अनोळखी माणसाला ‘सर प्लीज गाइड’ एवढंच लिहून पाठवणं. त्याला कशात गाइड करायचं?

ऑनलाइन मुलाखत गावातून देणं. लाइट आणि रेंज दोन्हींचा भरवसा धरू नका. आदल्या दिवशीच जिल्ह्याच्या ठिकाणी मित्राच्या खोलीवर मुक्कामाला जा, दोन कंपन्यांची सिमकार्डं ठेवा आणि खोलीमित्राला सांगून ठेवा की त्या तासात मिक्सर लावायचा नाही.

‘आम्हाला काही विचारायचंय का?’ यावर ‘नो सर’ म्हणणं, किंवा त्याहून वाईट, कंपनीची ऑफिसं कुठे कुठे आहेत ते विचारणं. त्यांनी गेल्या महिन्यात काय काम केलं, त्यात अडचण कुठे आली, ते विचारा. हिंगणघाटच्या त्या मुलाने पुढे एका ठिकाणी विचारलं, तुम्ही कधी शेतमालाच्या क्लायंटचं काम केलंय का, आणि मग ठरलेली वेळ संपली तरी दोघं तुरीच्या भावावरच बोलत बसले.