मागच्या ॲक्सलचे गिअर बदलले आणि मागून आवाज सुरू झाला: मस्टँगच्या डिफरन्शियलचं निदान कसं करावं

2005 ते 2014 दरम्यानच्या फोर्ड मस्टँग जीटीमध्ये मागे 8.8 इंची सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आस) असतो. त्याच्या मधोमध डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा संच. 2011 नंतरच्या मॅन्युअल गाडीत कंपनीकडून साधारण 3.31 चा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) येतो. हौशी मंडळी तिथे 3.73 चा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधलं मोठं चक्र आणि त्याला फिरवणारं छोटं चक्र) बसवतात. चाकावरचा टॉर्क जवळपास तेरा टक्क्यांनी वाढतो आणि गाडी सिग्नलवरून उडी मारते. मग पहिल्याच हायवे फेरीत ताशी 55-60 मैलांच्या वेगाला मागच्या सीटखालून बारीक, ताणलेला 'हूंऽऽ' ऐकू येतो.

अशा वेळी गॅरेजवाला बहुधा म्हणतो, "नवीन गिअर आहेत, बसतील हळूहळू." यावर विसंबू नका. चुकीच्या जागी जुळलेले दात चालवून नीट होत नाहीत. त्या चुकीच्या जागीच ते घासून चकचकीत होतात आणि नंतर शिम (गिअरची जागा ठरवणाऱ्या पातळ चकत्या) कितीही बदलल्या तरी आवाज पूर्ण जाईलच असं नाही. पण लगेच कव्हर उघडायचीही घाई नको. आवाज नवा आहे की जुनाच आवाज आता ऐकू यायला लागलाय, हे आधी ठरवायचं.

पहिली पायरी: गिअरसोबत आणखी काय बदललं?

अपग्रेड सहसा एकटं येत नाही. रबरी बुश (सांध्यातल्या गाद्या) काढून पॉलीयुरेथेन बुशचे कंट्रोल आर्म (ॲक्सलला बॉडीशी जोडणारे दांडे), इंजिनाची ताकद मागे आणणारा दोन तुकड्यांचा मूळ प्रॉपेलर शाफ्ट काढून एकसंध ॲल्युमिनियमचा शाफ्ट, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग, असं सगळं एकाच शनिवारी लागतं. रबर गिअरचा आवाज गिळत असतं. ते गेलं की तोच आवाज थेट बॉडीत शिरतो. पोकळ ॲल्युमिनियम शाफ्ट तर तो आणखी घुमवतो. गाडी खाली बसली की पिनियनचा कोनही बदलतो, आणि त्याची थरथर पुष्कळांना गिअरचा आवाज वाटते.

म्हणून शक्य असेल तर वरचा कंट्रोल आर्म तात्पुरता जुना, रबरी बुशचा लावून बघा. या गाडीत डिफरन्शियलचा आवाज आत पोहोचवण्यात त्याचा वाटा मोठा असतो. आवाज निम्म्यावर आला तर गिअरची जुळणी कदाचित ठीकच असेल. मग प्रश्न एवढाच उरतो, की रोजच्या गाडीत तो आवाज तुम्हाला चालतो का.

दुसरी पायरी: रस्त्यावर कान लावा

मोकळा, गुळगुळीत रस्ता, रेडिओ बंद, गाडी चालवायला दुसरं कोणी. आवाज येतो तो वेग धरा आणि तीन गोष्टी करून बघा: हलका ॲक्सिलरेटर, पाय पूर्ण उचललेला, आणि मधली तरंगती अवस्था, म्हणजे गाडी ओढतही नाही नि रोखतही नाही.

पायाबरोबर आवाज बदलतो किंवा थांबतो, तर तो दातांचा. फक्त ओढताना येत असेल तर पिनियनच्या खोलीवर, म्हणजे तो क्राउनकडे किती आत बसलाय यावर संशय घ्या. फक्त पाय उचलल्यावर येत असेल तर पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बसवताना मुद्दाम ठेवलेला दाब) सैल असण्याची शक्यता तपासा. पाय कसाही ठेवला तरी वेगाबरोबर सारखीच वाढणारी घरघर टायरची किंवा चाकाच्या बेअरिंगची असते. डावी-उजवीकडे हलकं वळल्यावर ती बदलली तर बेअरिंगच धरा. पार्किंगमध्ये वळताना गाडी मागून कडकडत असेल तर लिमिटेड स्लिपच्या (एकच चाक मोकळं फिरू न देणाऱ्या डिफरन्शियलच्या) क्लच प्लेटना फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे त्यांच्यासाठी तेलात घालायचं द्रव्य मिळालेलं नाही. ते घालायला विसरणं फार सामान्य आहे, आणि सुदैवाने त्याचा उपाय स्वस्त आहे.

तिसरी पायरी: फोनवर मोजा

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे वाद मिटतो. 3.73 म्हणजे क्राउनला 41 दात आणि पिनियनला 11. मूळच्या मापाच्या टायरचा घेर साधारण 2.1 मीटर. ताशी 60 मैलांच्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे 12.8 फेरे घेतं. याला 41 ने गुणलं की दात जुळण्याची वारंवारता 525 हर्ट्झच्या आसपास येते. 12.8 ला 3.73 ने गुणलं की शाफ्टची, म्हणजे साधारण 48 हर्ट्झ. ध्वनीचा आलेख दाखवणारं ॲप लावून फोन मागच्या सीटवर ठेवा. शिखर 525 जवळ असेल तर दात बोलतायत. 48 किंवा त्याच्या दुपटीला थरथर असेल तर शाफ्टचा तोल, जॉइंट आणि पिनियनचा कोन बघा. 13 जवळ असेल तर टायर आणि रिम. वेग थोडा बदलून शिखर त्याच प्रमाणात सरकतं का, तेही पाहा. तुमच्या टायरचा घेर वेगळा असेल तर आकडे पुन्हा काढावे लागतील.

चौथी पायरी: कव्हर उघडा

या ॲक्सलला तळाशी ड्रेन प्लग नाही. कव्हर सैल केलं की तेल वाहतं, तेव्हा खाली मोठी ट्रे ठेवा, आणि गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. चुंबकावर करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर ठीक. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर निदान तिथेच संपलं.

मग डायल गेज क्राउनच्या दाताला काटकोनात टेकवून बॅकलॅश, म्हणजे जुळलेल्या दातांमधली मोकळी जागा मोजा. नव्या सेटसाठी तो सहसा 6 ते 10 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.15 ते 0.25 मिलिमीटर ठेवतात. पण सेटसोबतच्या कागदावरचा आकडा अंतिम. क्राउन फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा. फरक चार थाऊहून जास्त असेल तर क्राउन बसवताना खाली कचरा राहिला असेल किंवा तो वाकडा बसला असेल.

आता मार्किंग पेस्ट, म्हणजे दात कुठे टेकतात ते दाखवणारा रंग. तीन-चार दातांना दोन्ही बाजूंनी पातळ लावा, क्राउनला लाकडाने हलका दाब देऊन पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध हवा. ओढणाऱ्या आणि रोखणाऱ्या, दोन्ही बाजूंना तो तळाशी गेला असेल तर पिनियन फार आत आहे, शिम पातळ करा. शेंड्याकडे चढला असेल तर शिम जाड करा. ठसा आतल्या टोकाकडे की बाहेरच्या, हे मागाहून, बॅकलॅशने सांभाळायचं. तिथे क्राउनच्या एका बाजूची शिम जितकी वाढवाल तितकीच दुसरीकडे कमी करा, नाहीतर बेअरिंगचा प्रीलोड बिघडेल. पिनियनची शिम बदलायला दर वेळी बेअरिंग प्रेसने काढावं लागतं. म्हणून जुनं बेअरिंग आतून घासून सैल करून चाचणीपुरतं वापरतात. मात्र वापरलेल्या जुन्या सेटचा ठसा असा वाचू नका, तो फसवतो. आणि क्राउन व पिनियन एकाच जोडीचे आहेत ना, हे कोरलेल्या खुणांवरून पडताळा.

प्रीलोडला शॉर्टकट नाही. तो पिनियन फिरवायला लागणाऱ्या टॉर्कने मोजतात. फोर्डचं प्रमाण नव्या बेअरिंगला 16 ते 29 इंच-पाउंड, वापरलेल्याला 8 ते 14. क्रश स्लीव्ह (पिनियनवरची चेपली जाणारी नळी) चेपत जाताना नट थोडा थोडा आवळून दर वेळी मोजा. हद्द ओलांडली तर नट मागे सोडून आकडा आणायचा नाही, नवी स्लीव्ह घालायची.

जुळणी झाल्यावर

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं सौम्य चालवा आणि अर्धा तास तरी पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. पहिले 500 मैल जोराची सुरुवात, ट्रॅक आणि ट्रेलर बंद. अशा, म्हणजे हायपॉइड प्रकारच्या गिअरमध्ये दात एकमेकांवर सरकतात, त्यामुळे तेल जीएल-5 दर्जाचंच (जास्त दाब सोसणारं गिअर तेल) हवं. या काळासाठी बहुतेक गिअर बनवणारे साधं खनिज तेल सुचवतात. 500 मैलांनंतर ते बदला, तेव्हा फ्रिक्शन मॉडिफायर पुन्हा घाला आणि दुसऱ्या पायरीतली फेरी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला परत मारा.