पाण्यावरचं बिऱ्हाड: बडोद्याहून येणाऱ्यांसाठी

दर हिवाळ्यात बडोद्याला आले की दांडिया बाजारात नाहीतर रावपुऱ्यात कोणी ना कोणी गाठतंच. कुणाचा भाचा व्हर्जिनियात नोकरीला लागलाय, कुणाची लेक-जावई फ्लोरिडात आहेत. तिथली घरभाडी ऐकून हबकलेली ही मंडळी विचारतात, ‘काकू, आम्हीही तुमच्यासारखी अमेरिकेत राहायला बोटच घ्यावी का?’ मी नको म्हणत नाही. पण दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं. शिडाच्या बोटीचं मला विचारू नका, ते खातं वेगळं. आमची बोट डीझेलवर चालणारी, किनाऱ्याकिनाऱ्याने लांबच्या पल्ल्याला जाणारी. तिकडे हिला ट्रॉलर म्हणतात, पण मासळीशी संबंध नाही.

पहिली गोष्ट, भाडं वाचवायला म्हणून येत असाल तर येऊ नका. धक्क्याचं भाडं, विमा, तळाचा रंग, इंजिनाचे सुटे भाग हे सगळं धरलं तर हिशेब फारसा वेगळा निघत नाही. शिवाय अंगावर पडणारं काम वेगळंच. बडोद्यात नळाला पाणी येतं आजव्याहून, लाइट जीईबीची (कंपनीचं नाव कधीचं बदललं, आपण अजून जीईबीच म्हणतो) आणि गटार महापालिकेचं. बोटीवर आजवाही तुम्ही, जीईबीही तुम्ही आणि महापालिकाही तुम्हीच. हे ज्याला मनापासून आवडेल त्यानेच यावं.

महापालिकेपासूनच सुरू करते, कारण याबद्दल कोणी बोलत नाही आणि नव्या बिऱ्हाडाची पहिली फजिती इथेच होते. अमेरिकेत किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला पाण्यात सोडायला बंदी आहे. काही भागांत प्रक्रिया केलेलाही चालत नाही, फ्लोरिडा कीज त्यातलंच. त्यामुळे सगळं बोटीतल्या टाकीत साठतं आणि मरिनातल्या (मरिना म्हणजे बोटी बांधून ठेवायचा धक्का) पंपावर नेऊन उपसून घ्यावं लागतं. आता आपली सवय पाण्याची. हँड-स्प्रे मनसोक्त वापरला की ज्या टाकीला पंधरवडा लागायला हवा ती आठवड्यात काठोकाठ. आईवडील सहा महिन्यांसाठी येणार असतील तर हे बोलणं विमानाचं तिकीट काढण्याआधी करून घ्या, नंतर अवघड जातं. एका लहान तांब्यात भागतं, सवय होते. जे आधी खाल्लेलं नाही ते संडासाच्या भांड्यात टाकायचं नाही, हा नियम बोटीवर सगळीकडे आहे. आमच्याकडे तो दारावरच लिहून लावलाय.

लाइटचं असं. धक्क्यावरून साधारणपणे 30 अँपियर, 120 व्होल्टची वायर मिळते, म्हणजे 3600 वॉट. इंडक्शनची शेगडी 1800, गरम पाण्याची टाकी 1500, त्यात कोणी एसी लावला की ब्रेकर पडलाच. काय बंद करून काय चालू करायचं हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. बडोद्याचा मिक्सर नेऊ नका, तो 230 व्होल्टचा. 110 व्होल्टचे भारतीय मिक्सर तिकडे मिळतात. प्रेशर कुकर मात्र जरूर न्या. झाकण घट्ट बसतं, बोट डोलली तरी आमटी जमिनीवर येत नाही, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं.

गॅसबद्दल थोडं खडसावूनच सांगते. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात गळला तर खिडकीतून, दाराखालून थोडाफार निघून तरी जातो. बोटीत तो खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी, जाऊन बसतो आणि ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलिंडर बाहेर डेकवर, बाहेरच्या बाजूला भोक असलेल्या खणात ठेवायचा आणि स्वयंपाक झाला की तिथूनच बंद करायचा. शेगडीचं बटण फिरवलं म्हणजे झालं असं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ हवाच. फोडणीच्या धुराने धुराचा अलार्म ओरडतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणारे आपलेच लोक मी पाहिलेत. खिडकी उघडा, बॅटरी काढू नका.

आता बोट कोणती. नॉर्डहॅवन, केडी-क्रोगन, ग्रँड बँक्स ही नावं तुमच्या कानावर येतील. नावापेक्षा तळाचा आकार बघा. पाणी कापत सावकाश जाणाऱ्या तळाला वेगाची एक मर्यादा असते: पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढा, त्याला 1.34 ने गुणा, तेवढे नॉट. 36 फुटांना 8 नॉट, म्हणजे तासाला 15 किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे रेटलं तर बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते आणि डीझेल नुसतं पाण्यासारखं जातं. एका इंजिनाची 40 फुटी बोट 7 नॉटने शांतपणे नेली तर तासाला साधारण 2-3 गॅलनमध्ये भागतं. सकाळी सातला निघून दुपारी तीनपर्यंत चाललात की झाले 100 किलोमीटर, म्हणजे बडोद्याहून अमदावादला पोहोचलात. बस, तेवढंच. ज्यांना एक्स्प्रेस हायवेवर पुढची गाडी सहन होत नाही त्यांनी हा नाद सोडावा. हे मी आमच्या जाऊबाईंच्या मुलाला तोंडावर सांगितलं, तो अजून रागावलाय.

घेण्याआधी स्वतंत्र सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासून देणारा, लावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. तो लहानशा हातोडीने डेक टकटक करत फिरतो. चांगल्या जागी टणक आवाज येतो, आतलं लाकूड कुजलं असेल तिथे बद्द. त्याच्याबरोबर फिरा, तुम्हालाही कळायला लागतं. बोट पाण्याबाहेर काढून तळ बघायला लावा आणि इंजिनाचं ऑइल प्रयोगशाळेत पाठवा.

आमच्याकडे स्वयंपाक ह्यांच्याकडे आणि इंजिनरूम माझ्याकडे. इंजिनाखाली पांढऱ्या शोषक कापडाचे तुकडे अंथरलेत. रोज सकाळी टॉर्च घेऊन आधी ते बघायचे. काळा डाग असेल तर इंजिन ऑइल, लाल असेल तर बहुधा गिअरबॉक्स, हिरवा असेल तर कूलंट. मग डिपस्टिक, पट्ट्याखाली काळी भुकटी पडलीय का ते, आणि डीझेल फिल्टरची काचेची वाटी. डीझेलपेक्षा पाणी जड, म्हणून वाटीच्या तळाशी ते वेगळं दिसतं. टाकीत दमट हवेचं पाणी होतं आणि पाणी-डीझेलच्या सांध्यावर जिवाणू वाढून काळा चिखल धरतो. शांत पाण्यात तो खाली गुपचूप बसून राहतो. लाटा उसळल्या की ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबवतो. म्हणूनच इंजिन बंद पडतं ते नेमकं खाडीच्या तोंडाशी, जिथे ते बंद पडणं परवडत नाही. फिल्टर बदलून हवा काढणं डोळे मिटून यायला हवं. हे शिकायला अमेरिकेत महागडा क्लास लावायची गरज नाही. बडोद्यात असतानाच एखाद्या जनरेटरवाल्या मेकॅनिककडे चार शनिवार जाऊन बसा, हात काळे करा. आणि लालबागच्या स्विमिंग पूलवर जाऊन नीट पोहायला शिका.

पोहण्यावरून आठवलं. मरिनाच्या पाण्यात कधीही उतरायचं नाही. बडोदेकराला वाटेल मगरीसाठी म्हणतेय. फ्लोरिडात अ‍ॅलिगेटर आहेतच, दक्षिणेला तर मगरीही आहेत, पण विश्वामित्री नदीतल्या मगरी बघत वाढलेल्या माणसाला त्याचं काय कौतुक! खरा धोका विजेचा. एखाद्या बोटीची सदोष वायरिंग पाण्यात करंट सोडते, अंग लुळं पडतं आणि माणूस हाक न मारता बुडतो. गोड्या पाण्यात हे जास्त घातक. लाइफ जॅकेटबद्दल तर बडोद्यात कोणाला पटवायला नको. 1993 ची सूरसागरची आणि जानेवारी 2024 ची हरणी तलावाची बोट दुर्घटना कोणी विसरलेलं नाही. अमेरिकेत बोटीवर माणशी एक जॅकेट लागतं, आणि चालत्या बोटीत उघड्या डेकवर 13 वर्षांखालच्या मुलांच्या अंगावर ते असावंच लागतं. मोठ्यांनीही घाला, विशेषतः रात्री डेकवर एकटे जाताना.

भरती-ओहोटी पुस्तकातून कळत नाही. निघण्याआधी एक दिवस काढून जंबुसरकडे कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला जाऊन या. भरतीत देऊळ पाण्याखाली जातं, ओहोटीत पुन्हा दर्शन देतं, दिवसातून दोनदा. खंभातच्या आखातात भावनगरकडे पाणी 10 मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इतकं नाही, मायामीकडे दोन-तीन फूटच. पण जॉर्जियात ते सात-आठ फुटांपर्यंत जातं आणि किनाऱ्याला धरून आतून जाणारा जलमार्ग तिथे काही ठिकाणी इतका उथळ आहे की अर्ध्या भरतीनंतर, पाणी चढत असतानाच जायचं. चढत्या पाण्यात रुतलात तर तासाभरात सुटता, उतरत्या पाण्यात रुतलात तर जेवण करून झोपा. उलट, पुलाखालून जाताना भरतीच नडते. या मार्गावरच्या पक्क्या पुलांची उंची साधारण 65 फूट, मायामीतल्या एकाची 56. ट्रॉलरला त्याची फिकीर नाही, शिडाच्या बोटींच्या डोलकाठ्यांना आहे. आपल्याला अडवतात ते उघडणारे बुटके पूल. पूलवाल्याला रेडिओवर हाक मारावी लागते, फ्लोरिडासारख्या काही राज्यांत चॅनल 9, इतरत्र बहुतेक 13. नवखे आपल्या इंग्रजी उच्चारांना लाजतात. लाजू नका, हळू बोला, बोटीचं नाव दोनदा सांगा. म्हणूनच बोटीचं नाव ज्ञानेश्वरी किंवा त्र्यंबकेश्वर ठेवू नये. ‘उषा’ चालतं. चॅनल 16 संकटासाठी आणि पहिल्या हाकेसाठी, तिथे गप्पा मारायच्या नाहीत.

ज्यांनी मुंबई-गोव्याकडे बोट चालवली असेल त्यांनी एक गोष्ट विसरायची आहे. भारतात समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला असतो, अमेरिकेत उजव्या. दोन्ही आंतरराष्ट्रीय नियमच, पण विभाग वेगळे. जुन्या सवयीने गेलात तर सरळ वाळूत.

कागदपत्रांचं थोडक्यात. व्हिसावर किंवा ग्रीनकार्डवर असाल तर पत्ता बदलल्यापासून 10 दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं, फॉर्म एआर-11. घर सोडून बोटीवर गेलात तर तोही पत्ताबदलच. कोस्ट गार्डकडची केंद्रीय नोंदणी फक्त अमेरिकन नागरिकाच्या बोटीची होते, बाकीच्यांनी राज्याकडे नोंद करायची. बऱ्याच मरिनांत बोट ठेवता येते पण कायमचं राहता येत नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी लेखी विचारा. आणि बहामा कितीही जवळ असलं, बिमिनी मायामीहून 50 सागरी मैलांच्या आतबाहेर, तरी तिकडे जाणं म्हणजे देश सोडणं. पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलेला असताना सुट्टीच्या उत्साहात जाऊ नका.

वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. त्या काळात बोट कुठे ठेवणार हे विमा कंपनी आधीच विचारते आणि बहुधा उत्तरेकडे ठेवायला लावते. म्हणून आमच्यासारखे पुष्कळजण उन्हाळ्यात वर असतात आणि वादळी मोसम सरत आला की व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून खाली उतरायला लागतात. आतल्या जलमार्गाचा शून्य मैल तिथेच.

पाहुण्यांना एकच गोष्ट ठणकावून सांगा: तारीख ठरवा किंवा गाव ठरवा, दोन्ही नाही. अमक्या दिवशी जॉर्जियातलं सवाना गाठायचंच म्हणून वाऱ्यात बोट काढली की नको ते होतं. चाकांच्या टणक बॅगा नकोत, त्या ठेवायला बोटीत जागाच नसते. घडी होणाऱ्या कापडी पिशव्या आणायला सांगा. बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघायच्या आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नाही, आणि खाली जाऊन आडवं पडण्यापेक्षा डेकवर बसून लांब क्षितिजाकडे बघावं. जगदीशची भाकरवडी आणि लीलो चिवडा जरूर आणा, मेतकूट आणि गोडा मसाला तर हवाच. विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून फॉर्मवर खरं लिहा. ताजा कढीपत्ता आणू नका, काढून घेतात. आणि पुठ्ठ्याचा खोका असेल तर तो धक्क्यावरच फोडून टाका, पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. एकदा का झुरळ बोटीत शिरलं की सगळे फळकुटे उचकटल्याशिवाय जात नाही. डाळ-तांदळाच्या पिशव्याही बाहेरच झाडून, डब्यांत भरून मगच आत न्यायच्या.