ओएनजीसीच्या सीएसआरमधून गावासाठी काम मंजूर करून घ्यायचं असेल तर

उरण, नागाव, केगाव, चाणजे, करंजा या पट्ट्यातल्या ग्रामपंचायती, बचत गट आणि छोट्या संस्थांसाठी हे लिहितोय. सीएसआर म्हणजे कंपनीने नफ्यातला ठराविक वाटा समाजाच्या कामांवर खर्च करायचा, असं कायद्याने घातलेलं बंधन. ओएनजीसी या सरकारी तेल-वायू कंपनीचा प्लांट आपल्या उशाशी आहे, पण अर्ज मात्र अजून "गावाच्या विकासासाठी सहकार्य करावे ही विनंती" असेच जातात आणि फाईलला लागून राहतात. विनंती करायची गरज नाही, कायदा काय म्हणतो ते धरून मागा.

आधी धंदा समजून घ्या, कारण तुमचा मुद्दा तिथूनच उभा राहतो. मुंबई हाय 1974 ला सापडलं, सागर सम्राट रिगने विहीर खोदली, मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि किनाऱ्यापासून साधारण 160 किलोमीटर आत काढलेलं तेल समुद्राखालच्या पाईपलाईनने उरणला येतं, तिथून ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांकडे जातं, गॅसमधून एलपीजी आणि नाफ्था उरणलाच वेगळे काढतात. आता यातलं महत्त्वाचं ऐका, जमिनीवर तेल निघतं तिथे रॉयल्टी राज्याला मिळते, जसं आसाम आणि गुजरातला, पण मुंबई हायसारख्या समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी केंद्राकडे जाते. चंद्रपूर-नागपूरच्या खाणपट्ट्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो, तो खाण कायद्यातला आहे, पेट्रोलियमला लागूच होत नाही. म्हणजे या धंद्यातून थेट गावात पैसा यायचा मोठा रस्ता सीएसआरचाच उरतो, म्हणून तो नीट चालवता आला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कंपनी कायदा 2013 चं कलम 135 सांगतं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के खर्च करायचे, आणि जिथे कंपनीचं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यायचं. 2023-24 मध्ये ओएनजीसीचा स्वतःचा निव्वळ नफा 40 हजार 526 कोटी होता. पण हा आकडा घेऊन थेट दोन टक्के काढून मीटिंगमध्ये बोलू नका, सीएसआरसाठीचा नफा कलम 198 प्रमाणे वेगळा मोजतात, टॅक्सच्या आधीचा धरतात, दुसऱ्या भारतीय कंपन्यांकडून आलेला डिव्हिडंड वजा होतो. समोरचा अधिकारी एका मिनिटात तुमचं गणित खोडून काढेल आणि बाकी सगळं बरोबर असलं तरी वजन जाईल.

त्यापेक्षा वार्षिक अहवाल डाऊनलोड करा, सीएसआरचं परिशिष्ट उघडा, त्यात सीएसआरमधून उभ्या केलेल्या मालमत्तांचा तक्ता असतो आणि प्रत्येक मालमत्तेपुढे पत्ता आणि पिनकोड देणं बंधनकारक आहे. कंट्रोल एफ दाबून 400702 हा उरणचा पिनकोड शोधा. काय सापडलं, काय नाही सापडलं ते दोन्ही लिहून ठेवा. बोर्डाने मंजूर केलेले प्रोजेक्ट कंपनीच्या वेबसाईटवर टाकावे लागतात तेही बघा, आणि नॅशनल सीएसआर पोर्टलवर रायगडचं पान काढून बाकीच्या जिल्ह्यांशी लावून बघा. सरकारी कंपन्यांना आकांक्षित जिल्ह्यांना, म्हणजे केंद्राने निवडलेल्या मागास जिल्ह्यांना, झुकतं माप द्यायला सांगितलंय, महाराष्ट्रात ते नंदुरबार, धाराशिव, वाशिम आणि गडचिरोली, रायगड त्यात नाही. म्हणून प्रपोजलच्या पहिल्याच परिच्छेदात प्लांटपासून गावाचं अंतर आणि लोकसंख्या येऊ द्या, आपली बाजू "स्थानिक परिसर" हीच आहे.

काय मागायचं नाही तेही सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मासेमारीच्या नुकसानीची भरपाई, जमिनीचा मोबदला, नोकरी, हे सीएसआरमध्ये बसत नाही, त्यांची लढाई वेगळी आणि ती वेगळ्याच कागदावर लढा. 3 सप्टेंबर 2019 ला उरण प्लांटमध्ये आग लागली होती, त्यानंतर सायरन, मॉक ड्रिल, गाव रिकामं करायचा प्लॅन असे विषय निघतात, पण सुरक्षेची जी जबाबदारी कायद्यानेच कंपनीवर आहे ती सीएसआरच्या खर्चात दाखवता येत नाही, तेव्हा ते काम सीएसआर म्हणून कुणी देऊ करत असेल तर ठामपणे नाही म्हणा. क्रिकेट टूर्नामेंट, एक दिवसाचे सोहळे यांचंही तेच, ते सीएसआर नाही.

आता प्रपोजल. एकच काम घ्या आणि कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमधल्या (सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांची यादी) कोणत्या बाबीत ते बसतं ते लिहा, पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, जे असेल ते. ग्रामसभेचा ठराव, जागेचा सातबारा किंवा आठ अ, जिल्हा परिषदेच्या इंजिनियरचं इस्टिमेट, जागेचे जिओटॅग फोटो. संस्थेमार्फत करायचं असेल तर संस्थेकडे 12ए आणि 80जी (आयकर खात्याकडची नोंदणी) आणि सीएसआर-1 चा नंबर (कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर नोंदणी) पाहिजे, शिवाय तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव, हे नसेल तर अनुभवी संस्थेला बरोबर घ्या. मालमत्ता शेवटी कुणाच्या नावावर राहणार हेही लिहा, नोंदणीकृत संस्था, बचत गट किंवा सरकारी यंत्रणा यातलं कुणीतरी लागतं, कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही.

आणि चालवणार कोण? यावरच प्रपोजल तरतं. पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन बसतं, उद्घाटन होतं, मग मेंब्रेन, म्हणजे त्यातला पाणी गाळणारा पडदा, बदलायची वेळ येते तेव्हा पैसे कुणाकडेच नसतात, लाईटबिल थकतं आणि शेडला कुलूप लागतं. म्हणून आधीच लिहा, वीस लिटरला किती घेणार, वसुली कोणता बचत गट करणार, मेंब्रेनसाठी दर महिन्याला किती बाजूला टाकणार, खातं कुणाच्या सहीने चालणार. मोठ्या कामातही हेच दिसतं, आसाममध्ये शिवसागरला ओएनजीसीने सिउ-का-फा हॉस्पिटल उभं केलं आणि चालवायला घेतलं संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानने, ज्यांच्याकडे हॉस्पिटल चालवायचा अनुभव आधीपासून होता.

वेळ पण बघा. वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि कामांचा वार्षिक आराखडा बोर्ड मंजूर करतं, तेव्हा दिवाळीच्या आसपास प्रपोजल आत गेलेलं बरं, मार्चमध्ये धावपळ करून काही होत नाही. दोन प्रती न्या, एकीवर इनवर्डचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. उत्तर नाही आलं तर आधी लेखी स्मरणपत्र, मग माहिती अधिकार, ओएनजीसी सरकारी कंपनी आहे त्यामुळे तो लागू होतो, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. त्यात "का नाही केलं" असं विचारू नका, इनवर्ड नंबर देऊन फाईलवरच्या टिपणांच्या प्रती मागा, नेमकं कुठे अडलंय ते त्यातच दिसतं.