कोकणातल्या पावसाळ्यासाठी लाकूडफाटा: तोडणे, फोडणे आणि वाळवणे

कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, तयारी म्हटली की वाळवणे, तिखट-मसाले आणि घर शाकारणे यांच्याबरोबरच सरपणाची बेगमीही आठवते. हौसेने लाकूड फोडणारे बहुतेक लोक ही बेगमी मे महिन्यात करतात, आणि तिथेच चुकतात. मे महिन्यात फोडलेले लाकूड वरून कोरडे दिसते, पण त्याच्या गाभ्यात पाणी तसेच असते. श्रावणात तेच लाकूड चुलीत घातले की टोकांतून फेस येतो, घर धुराने भरते आणि बंबातले पाणी तासाभरातही तापत नाही. दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी आंघोळीचे पाणी अजून बंबात तापते आणि सुट्टीच्या दिवशी चूलही पेटते. गेली काही वर्षे तेथील सगळे सरपण मी स्वतः फोडतो. त्या अनुभवावरून सांगतो की लाकूड तोडून फोडण्याचे काम दिवाळीनंतर लगेच सुरू करून शिमग्यापूर्वी संपवावे. त्यानंतरचे काम ऊन आणि वारा करतात.

यामागचे कारण समजून घेतले, तर पुढची प्रत्येक कृती आपोआप उलगडते. ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. चांगले जळण्यासाठी हे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली यावे लागते. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. ओल्या लाकडात मुळात जळण्याजोगे द्रव्यच कमी असते, आणि मिळालेल्या उष्णतेचा काही भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. त्याहून मोठे नुकसान असे की वाफेमुळे आच मंदावते, लाकडातले वायू न जळताच बाहेर पडतात आणि त्यांचाच डोळ्यांना झोंबणारा धूर होतो. झाडात पाणी उभे चढते, म्हणून तोडलेल्या लाकडातूनही ते तंतूंच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या टोकांतून, आडव्या दिशेपेक्षा कित्येक पटींनी लवकर बाहेर पडते. साल तर ते जवळपास अडवूनच धरते. त्यामुळे लाकूड आखूड कापणे आणि सालीचे कवच फोडून आतला भाग उघडा करणे, ही वाळवणीची खरी सुरुवात आहे. सालीसकट पडून राहिलेला जाड ओंडका वर्षभरानेही आतून ओला निघतो.

लाकूड कोणते घ्यावे, याचे उत्तर आधी आपल्या आवारात शोधावे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या भागातल्या बागांमध्ये आंबा, काजू, फणस आणि सुरूची असंख्य झाडे आडवी झाली. माझ्या या छंदाची सुरुवातही त्याच पडलेल्या झाडांपासून झाली. सुरूचे लाकूड जड असते, त्याची आच प्रखर असते आणि निखाराही बराच वेळ टिकतो. रस्त्याकडेला लावलेली आकेशियाही चांगली जळते. आंबा मध्यम प्रतीचा असून तो वेळेवर फोडून वाळवला नाही, तर त्याला भुंगा लागतो आणि खाली पिवळसर भुसा साठतो. काजूच्या सालीचा चीक अंगाला लागला, तर काहींच्या कातडीवर पुरळ उठते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालावेत. पांगारा आणि सावर ही हलकी लाकडे भसकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, त्यामुळे त्यांचा उपयोग पेटवणापुरताच. माडाचे खोड फोडण्याच्या भानगडीत पडू नये. त्याच्या झावळ्या आणि नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) मात्र चूल पेटवायला उत्तम. कण्हेर विषारी असल्यामुळे तिची फांदी स्वयंपाकाच्या चुलीत कधीही घालू नये, आणि रंग दिलेले लाकूड किंवा प्लायवूडही जाळू नये.

उभे झाड तोडायचे असेल, तर ते आपल्या मालकीच्या जमिनीत असले तरी आधी चौकशी करावी. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यानुसार आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, म्हणून वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारूनच कुऱ्हाड उचलावी. शिवाय मोठे झाड पाडणे हे हौशी माणसाचे काम नाही. ते जाणत्या लाकूडतोड्याकडून पाडून घ्यावे आणि जमिनीवर आल्यावर आपण कामाला लागावे.

ओंडक्याचे तुकडे आपल्या चुलीच्या आणि बंबाच्या मापाने करावेत. आमच्याकडे दीड फूट लांबी सोयीची पडते. कापण्यापूर्वी ओंडका कशावर टेकलेला आहे, हे नीट पाहावे. तो दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल, तर त्याची वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. अशा वेळी एक तृतीयांश जाडी वरून कापावी आणि उरलेला छेद खालून द्यावा. तो एकाच टोकाला टेकलेला असून दुसरे टोक लोंबत असेल, तर हाच क्रम उलटा करावा. हे न पाळल्यास करवत लाकडात आवळली जाते किंवा ओंडका अचानक चिरफळतो. फांद्यांसाठी लाकडी घोडी करून घेतली, तर कंबर वाचते. चेनसॉ वापरणाऱ्याने पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नये, कारण तो लागताच यंत्र उसळून तोंडाकडे येते. यंत्र वापरताना चष्मा, जाड बूट आणि कानाला संरक्षण हवेच, आणि एकट्याने काम करू नये.

आता फोडणी, ज्यात या छंदाचा खरा आनंद आहे. गुडघ्याएवढ्या उंचीचा रुंद बुडखा सपाट जमिनीवर बसवावा आणि फोडायचा ठोकळा त्याच्या पलीकडच्या कडेजवळ उभा करावा, म्हणजे घाव चुकला तरी कुऱ्हाड बुडख्यात रुतते, पायाकडे येत नाही. घाव घालण्यापूर्वी ठोकळ्याचे तोंड वाचावे. मध्यापासून कडेकडे गेलेल्या बारीक चिरा दिसतात, आणि त्यांच्याच रेषेत लाकूड उकलायला तयार असते. गाठ असेल, तर ती खालच्या बाजूला ठेवावी आणि घाव तिच्यापासून दूर घालावा. पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहावे, आणि कुऱ्हाड खाली येताना गुडघे किंचित वाकवावेत, म्हणजे पाते सरळ खाली उतरते. जोर हातांनी लावायचा नसतो. पात्याच्या वजनाला वेग द्यायचा आणि नजर घावाच्या जागेवरून ढळू द्यायची नाही, एवढे साधले की ओले आकेशियाही दोन घावांत उकलते. जाड ठोकळ्याच्या मध्यावर घाव घालत बसण्यापेक्षा कडेकडेने फाका काढत आत जावे. चिंचेसारखे पिळाचे लाकूड मात्र असे ऐकत नाही. त्याच्या चिरेत लोखंडी पाचर बसवून घणाने ठोकावी. पाचरीचे डोके ठोकून ठोकून पसरले आणि त्याच्या कडा मुडपल्या, तर त्या कानशीने घासून टाकाव्यात, कारण त्यांचे तुकडे गोळीसारखे उडतात.

फोडायची कुऱ्हाड तोडायच्या कुऱ्हाडीपेक्षा जड आणि गालांना फुगीर असावी, कारण तिला तंतू कापायचे नसून बाजूला सारायचे असतात. दांडा सैल झाला की ती पाण्यात भिजत ठेवण्याची सवय अनेकांना आहे. त्याने लाकूड फुगून पाते तात्पुरते घट्ट बसते, पण वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा जास्त सैल होतो. त्यापेक्षा दांड्याच्या टोकात नवी पाचर ठोकावी. पाते हलत असेल, तर त्या दिवशी काम बंद ठेवावे.

फोडलेली फाटी मनगटाएवढी जाड असावीत आणि थोडी अंगठ्याएवढी बारीकही करावीत. रचताना जमिनीवर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या दोन ओळी मांडून त्यांवर बांबू किंवा सुपारीचे वासे टाकावेत. जांभा ओल शोषतो, त्यामुळे लाकूड थेट चिऱ्याला लागू नये. रास उत्तर-दक्षिण एकेरी रचावी. मग फाट्यांची कापलेली टोके पूर्व-पश्चिम राहतात, आणि पहाटेचा जमिनीकडचा वारा व दुपारनंतरचा समुद्राकडचा वारा दोन्ही त्यांच्यातून खेळतात. उंची छातीच्या वर नेऊ नये, आणि दोन्ही टोकांना मेढी रोवाव्यात. अवकाळी पावसासाठी झाप किंवा पत्रा फक्त माथ्यावर ठेवावा. पहिल्या वर्षी मी ताडपत्री चारही बाजूंनी जमिनीपर्यंत ओढून बांधली होती. लाकडातले पाणी आतच कोंडले आणि महिन्याभरात सगळ्या राशीवर पांढरी बुरशी चढली.

लाकूड वाळले की नाही, हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग वजनाचा आहे. राशीतल्या चार-पाच फाट्यांवर खडूने वजन लिहून ती दर पंधरा दिवसांनी काट्यावर ठेवावीत. सलग दोन-तीन वेळा वजन उतरले नाही, म्हणजे हवेने देण्याजोगा कोरडेपणा आला. दोन फाटी एकमेकांवर आपटली असता बद्द आवाजाऐवजी टणक, खणखणीत आवाज येतो, टोकांना चिरा पडतात आणि साल सहज सुटते. ओलावा मोजण्याचे दोन काट्यांचे यंत्र वापरायचे असेल, तर फाटे नव्याने फोडून आतल्या बाजूवर मोजावे. बाहेरचा आकडा फसवतो.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, भर दुपारी तापलेले असतानाच, लाकूड पडवीत किंवा खोपीत न्यावे. रास उपसताना थेट हात घालू नये. फुरसे आणि विंचू यांना अशी कोरडी सावली आवडते, म्हणून आधी काठीने ठोकून हलवावे आणि हातमोजे घालूनच फाटी उचलावीत. खोपीतही भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे, वाळवीची माती दिसताच ती खरवडून काढावी आणि वाऱ्याला वाट मोकळी ठेवावी. आषाढात हवाच इतकी दमट असते की कोरडे लाकूडही थोडा ओलावा परत घेते. त्यामुळे दोन दिवसांचे सरपण चुलीजवळ, पण ठिणगी पोचणार नाही इतक्या अंतरावर, आणून ठेवावे आणि त्यातले जुने आधी वापरावे. गणपतीनंतर उरलेली फाटी खोपीच्या पुढच्या बाजूला आणून ठेवावीत, म्हणजे दिवाळीनंतर येणारे ओले लाकूड त्यांच्यात मिसळत नाही.