जुनी स्पोर्ट्स कार घेताना या चुका टाळा

नवी असताना जिची किंमत ऐकून माणूस गप्प बसत असे, ती दोन दारांची गाडी आज एखाद्या नव्या एसयूव्हीच्या भावात मिळू लागली आहे, आणि पहिली चूक इथेच होते. गाडीची किंमत उतरली म्हणजे तिचा खर्चही उतरला असे घेणारा मनोमन धरून चालतो. पोर्शेची बॉक्सस्टर, बीएमडब्ल्यूची झेड४, मर्सिडीजची एसएलके, ऑडीची टीटी या गाड्यांचे भाव वयाप्रमाणे घसरले, परंतु त्यांच्या ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे आर्म, छताच्या मोटरी यांचे भाव आजही पूर्वीच्याच तोऱ्यात आहेत, आणि बरेचसे भाग परदेशातून मागवून येईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये धूळ खात उभी राहते. मुंबई-पुण्यातले ओळखीपाळखीचे लोक अशी गाडी बघायला जाताना मला सोबत नेतात. त्यांना मी सुरुवातीलाच सांगतो की, हाताशी जेवढे पैसे असतील त्यांतला चौथा हिस्सा सौद्यात घालू नये, तो पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. हे ऐकून ज्यांचा चेहरा उतरतो त्यांनी एखादी चांगली सेदान घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक म्हणजे विक्रेत्याने तापवून ठेवलेले इंजिन ऐकून समाधान मानणे. "साहेब, गाडी धुऊन, चालू करून ठेवली आहे" हे वाक्य आदरातिथ्याचे वाटते, पण जुन्या इंजिनाचे बहुतेक आजार पहिल्या अर्ध्या मिनिटातच बोलतात, आणि नेमके तेच अर्धे मिनिट आपल्याला ऐकू दिले जात नाही. मी आदल्या रात्री फोन करून गाडी सुरू करू नका असे सांगतो, आणि ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच पोहोचतो. बॉक्सस्टरचे इंजिन सीटच्या मागे असते आणि पुढच्या झाकणाखाली फक्त सामानाची जागा असते, त्यामुळे बॉनेटवर हात ठेवून काहीच कळत नाही. हात सायलेन्सरच्या तोंडाला लावावा. ते कोमट लागले तर मी चहा घेतो, दुसरी वेळ मागतो आणि निघतो. घरचे लोक कंटाळतात, पण त्याला इलाज नाही.

थंड इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांची खडखड क्षम्य आहे. त्यापुढे ती चालू राहिली तर इंजिनाच्या झडपांचा ताल सांभाळणारी टायमिंग चेन आणि तिला ताणून धरणारे टेन्शनर यांच्याकडे संशयाने बघावे. धुराच्या बाबतीत मात्र थोडा विवेक लागतो. बॉक्सस्टरच्या इंजिनात सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे गाडी उभी असताना थोडेसे ऑइल सिलिंडरमध्ये उतरते आणि कधीमधी सुरू होताना निळसर धुराचा एखादा लोट निघतो. त्यावरून गाडी नाकारण्याचे कारण नाही. तोच धूर मिनिटभरात थांबला नाही, तर ऑइलची वाफ वेगळी करणारा सेपरेटर गेला असण्याची शक्यता मोठी असते. गोडसर वासाचा पांढरा धूर निघाला तर कूलंट जळत आहे असे समजावे आणि तेथून निघावे. यानंतर इंजिन पूर्ण तापू द्यावे, एसी चालू करावा, रेडिएटरचे पंखे फिरतात का ते ऐकावे, आणि फेरफटका मारून आल्यावर गाडी पंधरा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करावी. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडलेले इंजिन बऱ्याचदा थंड असताना शहाण्यासारखे वागते आणि तापल्यावर टकटक करू लागते. सायलेन्सरच्या दोन तोंडांपैकी एकच तोंड काजळलेले असेल, तर बोरोस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा, आत घालून सिलिंडर बघितल्याशिवाय पुढची बोलणी करू नयेत.

अलीकडे बॉक्सस्टर बघायला येणारा प्रत्येक नवखा माणूस आयएमएस, म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या, बेअरिंगचा विषय काढतो आणि तेवढ्यावरच आपला अभ्यास झाला असे समजतो. विषय खरा आहे. १९९७ ते २००५ या काळातल्या इंजिनांत मधल्या शाफ्टचे जे बेअरिंग आहे ते फुटले, तर चेनचा ताल बिघडून सबंध इंजिन निकामी होते. साधारण २००० नंतर आलेले एकेरी ओळीचे बेअरिंग आधीच्या दुहेरी बेअरिंगपेक्षा अधिक नाजूक समजले जाते. पुढच्या पिढीत, म्हणजे ९८७ मध्ये, मोठे बेअरिंग आले. ते क्वचितच दगा देते, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय बदलता येत नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनांत तो शाफ्टच नाही. एवढे पाठ करून आलेला माणूस पुढच्या बंपरच्या जाळीत टॉर्च मारून बघत नाही, जिथे दोन्ही बाजूंच्या रेडिएटरसमोर वर्षानुवर्षांचा पालापाचोळा ओला होऊन कुजत असतो आणि एसीच्या कंडेन्सरला भोके पाडत असतो. बेअरिंगबद्दल तर्क लढवण्यापेक्षा मी ऑइल बदलायला लावतो, जुना फिल्टर कापून त्याची घडी उन्हात उलगडतो आणि धातूची चमक शोधतो. विक्रेता ऑइल बदलू देत नसेल तर खर्च आपण करावा. तरीही तो नाही म्हणाला, तर त्याच्या नाहीमध्येच उत्तर आले.

मीटरवर विश्वास ठेवणे ही चूक मला सर्वांत जास्त छळते. हिंजवडीत काम करणाऱ्या एका तरुणाने मुंबईच्या उपनगरातली ९८७ बॉक्सस्टर पसंत केली, पन्नास हजार बयाणा दिला, आणि मग मला फोन केला. हा क्रम उलटा हवा, हे मी सांगून थकलो आहे. गाडी दिसायला देखणी होती. मीटरवर ३४,००० किमी होते आणि डीलर ते पुन्हा पुन्हा ऐकवत होता. परंतु स्टीअरिंगच्या वरच्या भागातले चामडे तुकतुकीत झालेले होते, ब्रेकच्या पेडलवरचे रबर एका कडेला झिजलेले होते, आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची गादी बसलेली होती. आम्ही पोर्शेसाठीचा स्कॅनर असलेला मेकॅनिक सोबत नेला होता. या इंजिनाचा कॉम्प्युटर इंजिन एकूण किती तास चालले याची नोंद स्वतंत्रपणे ठेवतो, आणि मीटर मागे फिरवणाऱ्यांना अनेकदा तिची आठवणच राहत नाही. नोंद होती ३,६०० तासांची. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी साडेनऊ किलोमीटरही भरत नव्हता. एवढ्या वेगाने ही गाडी चालवायची, तर ती विसर्जनाच्या मिरवणुकीबरोबर लक्ष्मी रस्त्यावरूनच न्यावी लागेल.

डीलर म्हणाला, आधीचे मालक एसी लावून गाडीत फोनवर बोलत बसायचे. शहरातल्या गर्दीतला ताशी वीस किलोमीटरचा वेग धरला तरी गाडी सत्तर हजारांच्या पुढे गेलेली असणार होती. मग मेकॅनिकने दाराच्या चौकटीवर बोट ठेवले. तिथे ऑइल बदलल्याचे स्टिकर खरवडून काढलेले होते, पण घाईत खालचा कोपरा राहून गेला होता, आणि त्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलेल्या पुढच्या सर्व्हिसच्या आकड्यातला पहिला "६" आणि त्यानंतरचा "८" स्वच्छ वाचता येत होता. तरुणाला तरीही वाटत होते की भाव पाडून गाडी घ्यावी. मी त्याला एवढेच विचारले की, ज्याने मीटर फिरवले त्याने इतर काय काय झाकले असेल याची यादी तू करशील का. बयाणा परत मिळाला नाही. माझ्या मते तो स्वस्तात सुटला.

स्कॅनर लावल्यावर आणखी दोन गोष्टी बघाव्यात. इंजिन मर्यादेपलीकडे फिरवल्याच्या नोंदी पोर्शेच्या कॉम्प्युटरात राहतात; त्यांतल्या वरच्या टप्प्यातल्या नोंदी म्हणजे बहुधा कोणीतरी चुकून खालचा गिअर टाकल्याची खूण असते. दुसरे म्हणजे, दोष दाखवणारे सगळे कोड कोरे असतील आणि त्याबरोबर कॉम्प्युटरच्या स्वयंतपासण्याही अपूर्ण दिसत असतील, तर कोणीतरी नुकतीच पाटी पुसली आहे.

आता छताकडे येऊ. कापडी छताची गाडी उन्हाळ्यात बघून घेणे ही आपल्याकडची खास चूक आहे, कारण मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथला पाऊस या गाड्यांच्या कारखान्यात कोणी डोळ्यांसमोर ठेवलेला नव्हता. बॉक्सस्टरच्या छताच्या मागच्या खोबणीत पाणी वाहून जाण्यासाठी बारीक मार्ग असतात. गाडी झाडाखाली उभी राहिली की ते पानांनी बुजतात, पाणी आत वळते आणि सीटखाली बसवलेल्या कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचते. मग एके दिवशी गाडी स्वतःचीच किल्ली ओळखत नाही. ठाण्यातल्या एका गाडीच्या बाबतीत विक्रेता बॅटरी उतरली आहे असे सांगत राहिला. मी सीट मागे सरकवून गालिच्याखालचा फोम दाबला, तेव्हा बोटांच्या फटींतून पाणी वर आले, आणि त्याला कुबट वास होता. पाऊस पडून आठवडा उलटला होता. म्हणून मी पिशवीत पाण्याची बाटली ठेवतो, खोबणीत हळूहळू पाणी ओततो, आणि ते मागच्या चाकाजवळ खाली पडते का ते वाकून बघतो. पहिल्या पिढीच्या झेड४ मध्ये हेच मार्ग बुजले की छताची मोटर पाण्यात बुडते. एसएलके आणि दुसऱ्या पिढीची झेड४ यांचे छत धातूचे असते, तिथे हायड्रॉलिक ऑइलची गळती शोधावी, आणि छत एकदा उघडून दाखवले म्हणून खूश न होता लागोपाठ तीनदा उघडायला-मिटायला लावावे. २००२ पर्यंतच्या बॉक्सस्टरची मागची खिडकी प्लास्टिकची असते. ती पिवळी पडली असेल तर तो भाव करण्याचा मुद्दा आहे, गाडी सोडण्याचा नाही.

पुरात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाचे डाग आहेत का ते बघावे, कारण धुणारे लोक तेवढ्या आत कधी पोहोचत नाहीत. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ चे कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ चे चिपळूण-महाड, अशा प्रत्येक पुरानंतर काही गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकायला जातात.

"फार कमी चाललेली" हे विशेषण ऐकून खूश होऊ नये. उभी राहिलेली गाडी चालवलेल्या गाडीपेक्षा जास्त खर्च मागते. टायरवर डॉटच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३५१४ म्हणजे २०१४ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी पूर्ण शाबूत असली तरी एवढे जुने रबर ओल्या घाटरस्त्यावर धरत नाही. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते हवेतले पाणी शोषते आणि त्यासाठी न बनवलेली जुनी रबरी नळी मऊ किंवा ठिसूळ करते, त्यामुळे इंधनाचा किंचितही वास आला तर सगळ्या नळ्या बदलण्याचा खर्च धरून बोलावे.

टीटीसारख्या गाडीत सहा गिअरच्या डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्सचे ऑइल दर ६०,००० किमीला बदलावे लागते. त्याची पावती नसेल तर ते बदललेले नाही असेच समजावे. किल्ल्या दोन हव्यात. गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय घेऊ नये, आपल्याकडचे गतिरोधक खालून काय करतात ते तिथेच दिसते. कर्कश सायलेन्सर आणि ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरचे रीमॅप केलेल्या गाडीपासून मी चार हात लांब राहतो, आणि ते नियमात बसत नाही हे त्यामागचे दुय्यम कारण आहे. मुख्य कारण हे की, तसे करणाऱ्या माणसाने ऑइलवर खर्च केलेला मला क्वचितच आढळला.

कागदपत्रांत लोक शेवटी लक्ष घालतात आणि तिथेच अडकतात. रस्ता कर वाचवण्यासाठी पुद्दुचेरीला नोंदवलेल्या महागड्या गाड्या इथे स्वस्त दिसतात, पण गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहणार असेल तर तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर तुमच्याच खिशातून जातो. दिल्लीत गाड्यांच्या वयावर असलेल्या निर्बंधांमुळे स्वस्तात बाहेर पडलेल्या गाड्यांचेही असेच आहे. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीचे शुल्क आयात केलेल्या चारचाकीसाठी एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या अशा गाड्यांसाठी ते ८०,००० झाले. चौदा वर्षांची गाडी घेताना हा हिशेब आधीच करावा. गाडी वापरलेल्या अवस्थेत देशात आली असेल तर सीमाशुल्काचे कागद बघावेत, कारण अशी गाडी आयातीच्या वेळी तीन वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये आणि तिचे स्टीअरिंग उजवीकडे हवे. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात भूतानमार्गे आलेल्या गाड्या सीमाशुल्क विभागाने जप्त केल्या, तेव्हा पैसे मोजून घेणाऱ्यांच्याच दारात अधिकारी पोहोचले होते.

विम्याच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस शून्य दिसला तर आदल्या वर्षी काय ठोकले ते विचारावे. थकलेले ई-चलन क्रमांक टाकून तपासावे, द्रुतगती मार्गावर कॅमेरे बसल्यापासून या गाड्यांच्या नावावर ते हमखास निघते. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र हातात पडेपर्यंत, आणि मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ व ३० वर मालकाने आपल्यासमोर सही करेपर्यंत, उरलेली रक्कम द्यायची नाही. "सह्या एजंट करून घेईल" असे कोणी म्हणाले तर धनादेश पुन्हा खिशात घालावा.