व्हेरुसिफॉर्म झँथोमा पहिल्यांदा समोर येईल तेव्हा

ओरल पॅथॉलॉजीत पीजीला आलेल्या मुलांना मी सुरुवातीच्या काही महिन्यांतच एक स्लाइड देते आणि लो पॉवरवर बघून मत द्यायला सांगते. उत्तरं ठरलेली असतात. कुणी पॅपिलोमा म्हणतं, कुणी चामखीळ, आणि नुकताच कॅन्सरचा पाठ झालेला असेल तर थेट व्हेरुकस कार्सिनोमा, म्हणजे चामखिळीसारखा दिसणारा कॅन्सर. बरोबर उत्तर क्वचितच येतं, कारण सगळ्यांची नजर वर खिळलेली असते, केराटिनच्या (वरच्या कडक थराच्या) त्या टोकदार सुळक्यांवर. उत्तर खाली असतं, दोन रीट पेग्जच्या, म्हणजे वरच्या आवरणातून खाली उतरलेल्या खुंट्यांच्या, मधल्या चिंचोळ्या जागेत.

ती स्लाइड व्हेरुसिफॉर्म झँथोमाची असते, चामखिळीसारख्या दिसणाऱ्या एका सौम्य गाठीची. हा विकार स्वतंत्रपणे ओळखला गेला तो १९७१ मध्ये, शेफर यांच्या वर्णनामुळे. तोवर असल्या गाठी कुठल्या नावाखाली फाइलबंद होत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. आधी तोंडातला म्हणून माहीत झाला, पुढे त्वचेवरही सापडू लागला, तिथे बहुतेक वेळा जननेंद्रियांच्या भागात. तोंडात साधारण निम्म्या गाठी हिरडीवर आणि दातांखालच्या हाडावरच्या आवरणावर असतात, त्याखालोखाल टाळूवर. पेशंट बहुधा चाळिशी ओलांडलेला. गाठ सहसा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, रुंद बैठकीची, खरखरीत. रंग पांढरट, पिवळसर किंवा लालसर. दुखत नाही. पुष्कळदा दात साफ करायला आलेल्या माणसाच्या तोंडात डॉक्टरलाच ती पहिल्यांदा दिसते.

नुसतं बघून हे निदान करता येतं असं कुणी म्हणालं तर माझा विश्वास बसत नाही. पिवळट झाक आणि बारीक दाणेदार पृष्ठभाग दिसला तर शंका घ्यावी, इतकंच. प्रत्यक्षात क्लिनिकहून आलेल्या फॉर्मवर पॅपिलोमा, ल्युकोप्लाकिया (पांढरा चट्टा) किंवा कार्सिनोमा यांपैकी काहीतरी लिहिलेलं असतं आणि ते रास्तच आहे. अशा वेळी क्लिनिकमध्ये बसलेल्याचं काम बरोबर नाव ओळखण्याचं नसतं. नाव ओळखता येईल असा तुकडा पाठवण्याचं असतं.

हा तुकडा हाच या विकारातला खरा कळीचा मुद्दा, म्हणून त्यावर जरा सविस्तर बोलते. एका पेशंटची हिरडीवरची गाठ आमच्याकडे आली ती दुसरीकडच्या रिपोर्टसह: ‘व्हेरुकस कार्सिनोमा नाकारता येत नाही.’ घरच्यांनी धसका घेतला होता, जबड्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा सुरू झाली होती. जुनी स्लाइड मागवून पाहिली. रिपोर्ट लिहिणाऱ्याला बोल लावावा असं त्यात काही नव्हतं. स्लाइडवर केराटिन होतं, वरवरचं एपिथेलियम (आवरणाच्या पेशींचा थर) होतं, आणि त्याखालचा आधार देणारा कनेक्टिव्ह टिश्यू जवळपास नव्हताच. तेवढ्यावरून मीही वेगळं काही लिहिलं नसतं. दुसरी, खोल बायोप्सी घेतली आणि पहिल्याच सेक्शनमध्ये चित्र स्पष्ट झालं.

म्हणून खरखरीत, चामखिळीसारख्या कुठल्याही गाठीचा शेंडा खुडून पाठवू नका. बैठक आली पाहिजे, शक्य असेल तर कडेची निरोगी त्वचाही आली पाहिजे. एक सेंटिमीटरच्या आतली, निरुपद्रवी वाटणारी गाठ असेल तर सरळ पूर्ण काढा. कॅन्सरची खरीच शंका असेल तर मात्र आधी भाग घ्या, पूर्ण काढू नका. कारण कॅन्सर निघालाच तर पुढच्या सर्जनला मूळ जागा आणि तिची हद्द दिसायला हवी. दोन्ही बाबतींत आधी फोटो काढून ठेवा.

भुलीचं इंजेक्शन गाठीत नको, बाजूला द्या, नाहीतर पेशी फुगून विस्कटतात. चिमट्याने दाबून धरण्यापेक्षा एक टाका घालून धरणं बरं. पॅथॉलॉजिस्टला दिशा सांगायलाही तोच टाका उपयोगी पडतो. निदानासाठीची बायोप्सी कॉटरीने घेऊ नका. इतक्या छोट्या तुकड्यात कडा भाजल्या की वाचण्यासारखं फार उरत नाही. हिरडीचा किंवा टाळूचा पातळ तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की वळतो, त्यामुळे तो आधी मिनिटभर जाड कागदावर सपाट चिकटवा आणि कागदासकट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये सोडा. द्रव तुकड्याच्या निदान दहापट असू दे. सलाइनमध्ये किंवा भुलीच्या उरलेल्या औषधात बुडवून पाठवलेले तुकडेही येतात. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

आणि फॉर्म भरा, पूर्ण भरा. वय, जागा, किती दिवसांपासून, रंग, तंबाखू, आधीचा लायकेन प्लेनस (त्वचेचा आणि तोंडाच्या आवरणाचा दाहाचा आजार), अवयव किंवा बोन मॅरो प्रत्यारोपण. ‘ग्रोथ, एचपीई’ (वाढ आहे, सूक्ष्मदर्शकाखाली तपासा) एवढंच लिहिलेला फॉर्म आला की मी फोन उचलते. नव्या मुलांना वाटतं, फोन करणं म्हणजे आपल्याला येत नाही अशी कबुली. उलट आहे, न विचारता अंदाज बांधणाऱ्याची मला जास्त भीती वाटते.

लॅबमध्ये तुकडा आडवा एम्बेड झाला, म्हणजे मेणात बसवला गेला, तर एपिथेलियम तिरकं कापलं जातं, रीट पेग्ज सुटी बेटं होऊन कनेक्टिव्ह टिश्यूत तरंगताना दिसतात आणि ‘इन्व्हेजन’चा, म्हणजे कॅन्सर आत शिरल्याचा, आभास होतो. ग्रॉसिंगलाच, म्हणजे तुकडा पहिल्यांदा कापतानाच, उभा काप घ्या. ब्लॉक उलटा लागलाय असं वाटलं तर मोकळेपणाने पुन्हा एम्बेड करायला सांगा. टेक्निशियन जरा कुरकुरतील, करतील.

आता स्लाइड. लो पॉवरवर पॅराकेराटिन जाड, एपिथेलियमच्या खाचांत खोलवर पाचरीसारखं उतरलेलं आणि एच अँड ई या नेहमीच्या डागावर नारिंगीकडे झुकणारं दिसतं. त्या नारिंगी झाकेची एकदा सवय झाली की पुढे दुरूनच शंका येते. त्यात न्यूट्रोफिल्सही (पांढऱ्या रक्तपेशी) विखुरलेले असतात. रीट पेग्ज लांबलेल्या, पण जवळपास सारख्याच खोलीवर थांबलेल्या, जणू कुणी खाली पट्टी धरली आहे. पेशींत विकृती नाही. मग ऑब्जेक्टिव्ह बदला आणि पेग्जच्या मधल्या पॅपिलीत शिरा. तिथे मोठ्या, फिकट, फेसाळ सायटोप्लाझमच्या पेशी गच्च भरलेल्या असतात. याच झँथोमा पेशी, म्हणजे चरबी गिळलेले मॅक्रोफेज (शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी). त्या पॅपिलीतच राहतात, पेग्जच्या तळाखाली सहसा उतरत नाहीत. ही शिस्त इतकी पक्की असते की फेसाळ पेशी खोल पसरलेल्या दिसल्या तर मी दुसरं काहीतरी शोधायला लागते.

त्या फेसाळ का दिसतात, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारलं जातं. पॅराफिन प्रोसेसिंगमध्ये अल्कोहोल आणि झायलीन चरबी धुऊन नेतात, मागे रिकामे कप्पे उरतात. ती चरबी प्रत्यक्ष बघायची तर फ्रोझन सेक्शन घेऊन ऑइल रेड ओ लावावं लागतं, पण रोजच्या कामात त्याची गरज पडत नाही.

दर वेळी गाठ टोकदार असेलच असं नाही. काही पॅपिलोमासारख्या बोटाबोटांच्या असतात, काही चक्क सपाट. सपाट प्रकार सगळ्यात जास्त निसटतो, कारण वर लक्ष वेधून घेणारं काहीच नसतं. फेसाळ पेशी थोड्या असतील तर सीडी-६८ हा मॅक्रोफेज दाखवणारा डाग करा. त्या ठळक उठून येतात.

इथे एक सापळा आहे. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर हीसुद्धा तोंडातली, विशेषतः जिभेवरची, सौम्य गाठ. तिच्यावरचं एपिथेलियमही खाली वाढून कॅन्सरचं सोंग आणतं आणि तिच्यातल्या पेशीही मोठ्या, फिकट असतात. त्या पेशी लायसोसोमनी (पचनाच्या सूक्ष्म पिशव्यांनी) भरलेल्या, त्यामुळे सीडी-६८ तिथेही पॉझिटिव्ह येऊ शकतं. एकट्या सीडी-६८ वर निदान टांगलं तर घात होतो. जोडीला एस-१०० चा डाग करा: मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशींतून आलेल्या ग्रॅन्युलर सेल ट्यूमरमध्ये ते पॉझिटिव्ह, झँथोमा पेशींत निगेटिव्ह. खरं तर डोळा तयार असेल तर डागांशिवायही फरक कळतो. ग्रॅन्युलर पेशी स्नायूंमध्ये खोल शिरतात आणि त्यांचं सायटोप्लाझम फेसाळ नसून दाणेदार असतं.

चरबी आली कुठून? बहुतेकांना पटणारं स्पष्टीकरण असं की कुठल्यातरी इजेमुळे वा दाहामुळे एपिथेलियमच्या पेशी मोडतात, त्यांच्या आवरणातली चरबी खाली झिरपते आणि पॅपिलीतले मॅक्रोफेज ती गिळतात. रक्तातल्या कोलेस्टेरॉलशी याचा संबंध नाही. ‘झँथोमा’ वाचून रेसिडेंट लगेच लिपिड प्रोफाइल लिहून देतात. या गाठीपायी त्याची गरज नसते. व्हायरसची शंका अनेकांनी तपासली, पण एचपीव्ही (चामखीळ आणणारा व्हायरस) सातत्याने सापडलेला नाही. लायकेन प्लेनस, पेम्फिगस, एपिडर्मोलिसिस बुलोसा, प्रत्यारोपणानंतरचा ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज (दात्याच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेला हल्ला), अशा एपिथेलियमला सतत त्रास देणाऱ्या आजारांसोबत ही गाठ आढळते, हे इजेच्या कल्पनेशी जुळतं. अशा पेशंटमध्ये एकाहून जास्त गाठीही दिसू शकतात.

चाइल्ड सिंड्रोम या जन्मजात विकारात शरीराच्या एकाच बाजूला त्वचेवर खवलेदार चट्टे आणि त्याच बाजूच्या हातापायांत जन्मजात दोष असतात. त्या चट्ट्यांची बायोप्सी घेतली तर हेच चित्र दिसू शकतं. कारण एक्स क्रोमोसोमवरच्या एनएसडीएचएल जनुकातला दोष. कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीत हे जनुक लागतं. तिथे कोलेस्टेरॉल आणि स्टॅटिन असलेलं मलम वापरून फायदा झाल्याचे अनुभव आहेत. तोंडातल्या एकट्या गाठीला ते लागू करू नका.

कारण तिचा उपचार साधा आहे: थोड्या निरोगी कडेसह काढून टाकणं. मोठं मार्जिन नको, हाड कापणं नको, रेडिएशन तर नाहीच. हिरडीवर आणि टाळूवर जखमेच्या कडा जवळ येत नाहीत, तेव्हा पॅक लावून ती आपोआप भरू देतात. टाळूच्या मागच्या बाजूला काम करताना ग्रेटर पॅलाटाइन धमनीचं भान ठेवा. पूर्ण काढल्यावर गाठ पुन्हा येणं विरळा. मात्र काढलेला सगळा तुकडा तपासा, एकच काप बघून थांबू नका. याच गाठीसोबत कार्सिनोमा आढळल्याची तुरळक उदाहरणं नोंदली गेली आहेत.

त्वचेच्या बाबतीत चाकूपेक्षा शब्द जास्त जपून वापरावे लागतात. जननेंद्रियावरची ही गाठ कॉन्डिलोमासारखी, म्हणजे लैंगिक संसर्गातून येणाऱ्या चामखिळीसारखी, दिसते, आणि बायोप्सीआधीच तसं बोलून दाखवलं की पेशंटच्या घरात नको ते प्रश्न उभे राहतात. त्वचारोगतज्ज्ञ सहकाऱ्याने पाठवलेल्या एका पेशंटला कुणीतरी आधीच लैंगिक संसर्ग असल्याचं सांगितलं होतं. रिपोर्ट वेगळा आला, पण नवरा-बायकोतला अबोला लगेच सुटला नाही. तेव्हापासून अशा रिपोर्टच्या कॉमेंटमध्ये मी तीन वाक्यं ठरवून लिहिते: ही सौम्य गाठ आहे, लैंगिक संबंधातून पसरणारा आजार नाही, आणि रक्तातल्या चरबीशी हिचा संबंध नाही. डॉक्टर लोक कॉमेंट वाचत नाहीत असं म्हणतात, पण पेशंट हमखास वाचतात.

पेशंटला सहा महिन्यांनी आणि वर्षाने एकदा दाखवून जायला सांगा. लायकेन प्लेनस किंवा प्रत्यारोपण झालेलं असेल तर त्याहून लवकर. त्याच जागी पुन्हा खरखर दिसली तर ‘तेच असेल’ म्हणून सोडू नका. पुन्हा बायोप्सी घ्या आणि जुनी स्लाइड मागवून दोन्ही शेजारी ठेवून बघा.