बिगफूट फोडताय? आधी फ्रीजबाहेर काढून ठेवा

हिवाळा लागला की इथे कॅलिफोर्नियात दुकानांत सिएरा नेवाडा ब्रुअरीची बिगफूट नावाची कडक बिअर दिसायला लागते, लेबलवर दंतकथेतला तो केसाळ बिगफूट प्राणी आणि बाटली छोटीशी, ३५५ मिलीची. पहिल्यांदा आणली तेव्हा मी काय केलं, तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, बाटलीच तोंडाला लावली आणि सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा घातलेली भेळ. अर्धी सिंकमध्ये ओतली, नुसतं कडूजहर आणि घशात जाळ. बायको म्हणाली एवढे पैसे घालून कारल्याचा रसच प्यायचा होता तर मी घरी काढून दिला असता. बिअरची काही चूक नव्हती, सगळी माझी होती.

तर आधी ही आहे काय ते बघू. म्हणतात बार्लीवाईन, पण द्राक्षाचा थेंब नसतो, ही एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार, सातूच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूची. नेहमीच्या बिअरपेक्षा बराच जास्त माल्ट घालून दाट गोड रस काढतात, तो यीस्ट आंबवतं, साखर जास्त म्हणून अल्कोहोल जास्त, आणि तरी थोडी गोडी मागे राहतेच, त्यामुळे पाण्यासारखी पातळ लागत नाही. सिएरा नेवाडा ही चिको गावातली ब्रुअरी १९८० सालची आणि बिगफूट ते १९८३ पासून काढतायत. ताकद ९.६ टक्के, कडवटपणा ९० आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक), साध्या लागरमध्ये, म्हणजे नेहमीच्या हलक्या बिअरमध्ये, हा आकडा १०-२० च्या आसपास असतो म्हणजे बघा. आणि छोटी बाटली बघून फसू नका, ३५५ मिलीत साधारण ३४ मिली शुद्ध अल्कोहोल, आपल्याकडच्या ४.८ टक्केवाल्या ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीत ३१ च्या आसपास. म्हणजे ही चिमुकली त्या थोरलीपेक्षा भारी. त्यामुळे एक बाटली दोघांत, पोटात काहीतरी असताना, आणि त्या रात्री गाडीच्या किल्ल्या घरातच.

आता फोडायची तयारी. फ्रीजमधून काढून अर्धा पाऊण तास ओट्यावर ठेवा. १०-१३ डिग्रीला आली पाहिजे, हात लावला तर गार लागावी पण बोटं बधिर होऊ नयेत. थंडगार असताना वास उडतच नाही आणि गोडी दबते, मग उरतो तो फक्त कडूपणा, माझं तेच झालं होतं. ग्लास बुडाला फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा, ब्रँडीचा असतो तसा. नसेल तर वाईनचा घ्या, तोही नसेल तर काचेचा कुठलाही, फक्त स्टीलच्या फुलपात्रात नको, रंग दिसत नाही राव. ग्लासला साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला असेल तर फेस बसतो, म्हणून गरम पाण्याने नीट विसळून घ्या. ग्लास तिरपा धरून हळू ओता आणि शेवटी सरळ करा, बोटभर फेस आला की बास. बाटलीच्या तळाशी यीस्टचा थोडा गाळ असतो, तो विषारी वगैरे नाही पण चव गढूळ करतो, म्हणून शेवटचा घोटभर बाटलीतच राहू द्या.

लगेच पिऊ नका. उजेडासमोर धरा, तांबूस तपकिरी, आमच्या कोल्हापुरी काकवीत पाणी घातल्यावर दिसते ना तशी. मग ग्लास फिरवून छोटे छोटे दोन तीन वास घ्या, एक लांबलचक श्वास घेतलात तर अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकी काही कळत नाही. बिगफूटमध्ये कॅस्केड, सेंटेनियल, चिनूक असे अमेरिकन हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, असतात, त्यामुळे आधी पपनसाची साल सोलल्यासारखा वास येतो, मागून पाइनच्या चिकासारखा. इथले लोक टॉफी, कॅरॅमल असलं म्हणतात, मला कधी टॉफी सापडली नाही, मला सापडला तो गुऱ्हाळातल्या काहिलीच्या कडेला करपलेला गूळ, आणि ज्या दिवशी तो शब्द सुचला त्या दिवसापासून ही बिअर मला कळायला लागली. तुम्हीही पुस्तकी शब्द शोधत बसू नका, आजोळच्या स्वयंपाकघरातले आठवा, खजूर, मनुका, भाजलेला रवा, काय येईल ते.

पहिला घोट छोटा, तो फक्त जीभ ओली करायला. दुसरा जरा मोठा घ्या, तोंडात दोन तीन सेकंद फिरवा, गिळा आणि गिळल्यावर नाकाने श्वास बाहेर सोडा. हे करून बघाच, अर्धी चव तिथेच असते. आधी गोड येतं, मग कडू चढत जातं आणि शेवटी छातीत ऊब. गूळ-चिंचेची कारल्याची भाजी आवडत असेल तर हे गणित तुम्हाला लगेच जमेल, तिथेही कडू घालवायचं नसतं, गुळाने त्याला फक्त धरून ठेवायचं असतं. ग्लास तळव्यात धरून बसा, जसजशी ऊब लागेल तसा हॉप्सचा वास मागे जातो आणि गुळाचा पुढे येतो, पाऊण तासात एकच ग्लास तीन वेगवेगळ्या चवी देतो.

चखण्याला तिखट अजिबात नको, मिरचीने जिभेवर जी आग लागते तीच अल्कोहोलही भडकवतं. खारट ब्लू चीज लोक खातात आणि ते खरंच जमतं, पण माझं मत विचाराल तर संक्रांतीचे उरलेले तिळगुळाचे लाडू. खारे शेंगदाणेही चालतील. फरसाण डब्यातच राहू दे.

परवडत असेल तर दोन बाटल्या आणा आणि एक वर्षभर विसरून जा. उभी ठेवायची, अंधारात, जमेल तितक्या गार जागी, आणि इथल्या गॅरेजमध्ये तर मुळीच नको, उन्हाळ्यात भट्टी होते तिथे. वर्षभरात हॉप्सचा ताजेपणा उतरतो, कडूपणा बोथट होतो आणि सुक्या मेव्यासारखं काहीतरी वर येतं, जास्तच झालं तर मात्र ओल्या पुठ्ठ्याचा वास. मग पुढच्या हिवाळ्यात नवी आणि जुनी शेजारी शेजारी ओता, आधी जुनी प्या, नाहीतर नवीच्या कडूपणापुढे जुनी फिकी पडते. माझी गेल्या वर्षीची एक कपाटात तांदळाच्या पिंपामागे आहे, बायकोला माहीत आहे, फक्त सासरे आलेत तोवर कोणी काढायची नाही असं ठरलंय.